मयत जाऊ द्या

"आता येते पाहा," अंकुश म्हणाला. कुसुमकाकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दोन्ही हात जोडून मांडीवर ठेवले.

टीव्हीच्या खणात ठेवलेल्या स्पीकरमधून 'वरात' वाजत होती. सॅक्सोफोन वर वर चढत गेला, मागे पियानो धावत होता, आणि अंकुशचा ड्रम त्या सगळ्यांना पुढे हाकत होता. आता तो ड्रम थांबायचा होता. त्याच्यामागून एकेक करत सगळंच थांबायचं होतं. ती शांतता ऐकण्यासाठी कुसुमकाकू सकाळी यशोधरानगरहून ऑटो करून आमच्याकडे आल्या होत्या. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. एरवी ऑटोला नावं ठेवत पायी येणारी बाई.

थांबलं नाही.

त्या जागेवर ड्रमची एक लांबलचक खडखड आली. सर्कशीत झुल्यावरची बाई उडी मारायच्या आधी वाजवतात ना, तशी. आणि गाणं पुढे निघून गेलं.

अंकुशने फोन उचलला, गाणं मागे घेतलं, पुन्हा लावलं. पुन्हा तीच खडखड. तो माझ्याकडे बघायला लागला. "ताई, हे मी नाही वाजवलं."

"गेलं काय निघून?" काकूंनी विचारलं. त्यांना वाटलं, आपलं लक्ष चुकलं.

"नाही काकू. थांबा. एक मिनिट." त्याने तिसऱ्यांदा लावलं. घाईत दुसरंच गाणं लागलं, ते बंद करून पुन्हा 'वरात'. काकू पदर धरून पुन्हा सावरून बसल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

तिसऱ्यांदाही ती खडखड वाजून गेल्यावर काकू उठल्या. "राहू दे बाबू. चांगलं वाजवलं तुम्ही पोट्ट्यांनी," म्हणाल्या, अंकुशच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चपला शोधू लागल्या. मी केलेला आलूपोहा बशीत तसाच राहिला. दारात वळून त्या एवढंच म्हणाल्या, "त्याईच्यावरून वाजवत गेले गा हे लोक."

त्या दिवशी माझं डोकं जे तापलं ते अजून थंड झालेलं नाही, आणि ते थंड व्हावं अशी माझी इच्छाही नाही.

मी माया. सरकारी दवाखान्यात नर्स आहे आणि पुरुषांच्या वॉर्डात माझ्या जिभेला पेशंटपेक्षा डॉक्टर जास्त घाबरतात. अंकुश माझा धाकटा भाऊ. कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगच्या मशीनवर जातो आणि लग्नसराईत बँडमध्ये ड्रम वाजवतो. बँड आमच्या बापाचा, 'धोंडबा ब्रास बँड', इंदोरा. बाप गेला तेव्हा अंकुश शाळेत होता. त्यानंतर बँड सांभाळला देवराव मास्तरांनी. ते क्लॅरिनेट वाजवायचे. कुसुमकाकू म्हणजे त्यांच्या घरच्या.

देवराव मास्तर काही मोठे कलावंत होते असं मी म्हणणार नाही. चार-पाच धुना चांगल्या वाजवायचे, बाकीच्या कामचलाऊ. दात पडल्यावर तर क्लॅरिनेट मधूनच चिरकायचं आणि वरातीतली पोरं हसायची. तंबाखू खायचे, रिहर्सलला उशिरा यायचे, दुसऱ्यांच्या उशिरावर मात्र ओरडायचे. पण एक गोष्ट त्यांनी जन्मभर पाळली. वाजवता वाजवता समोरून मयत आली की बँड थांबायचा. मयत कोणाचीही असो. ड्रमवाल्याने काड्या काखेत धरायच्या, तोंडाने वाजवणाऱ्याने वाद्य छातीशी घ्यायचं, आणि मयत पुढे जाईपर्यंत कोणी हलायचं नाही. मग मास्तर म्हणणार, "गेले. वाजवा आता." तोवर नवरदेव घोड्यावर ताटकळला तरी चालेल.

आता हे बँडवाले सगळेच कमी-जास्त पाळतात. पण वरातीतल्या लोकांना ते पटतंच असं नाही. लकडगंजमधल्या एका व्यापाऱ्याच्या पोराच्या वरातीत मी स्वतः होते, अंकुशला डबा द्यायला गेले होते. समोरून मयत आली. खांदा द्यायला जेमतेम माणसं, मागे एक बाई, बस. मास्तरांनी हात वर केला, बँड थांबला. नवरदेवाचा काका नाचत होता, तो भडकला. "अरे ए, बजाव! अपने घर का कोई है क्या?" काकाने त्यांच्या डोक्यावरची झालरीची टोपी उडवली. टोपी नालीच्या काठाला जाऊन पडली. मास्तर जागचे हलले नाहीत. मयत गेली, मग त्यांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "गेले. वाजवा आता." मला तेव्हा त्या काकाच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला होता. मास्तर परतताना मलाच समजावू लागले, "तो बी एक दिवस आडवा जाईन वं माया. तवा बँडवाला थांबला पाह्यजे का नाही?"

अशा बँडमधून अंकुश त्या दुसऱ्या संगीताकडे गेला, तो अपूर्वमुळे. अपूर्व त्याच्या आतेबहिणीच्या लग्नात वरातीत नाचायचं सोडून अंकुशच्या ड्रमशेजारून चालत राहिला होता. वरात संपल्यावर त्याने अंकुशचा फोन नंबर घेतला. अपूर्व सॅक्सोफोन वाजवतो, वडील केशवराव बँकेतून निवृत्त, घरी पुस्तकंच पुस्तकं. मुग्धा पियानोवाली. तिच्या मामाचा लकडगंजमध्ये लाकडाचा डेपो आहे, तिथल्या मागच्या शेडमध्ये रविवारी यांची प्रॅक्टिस. आणि उभं राहून वाजवायचा तो माणसाएवढा बास वाजवणारा धम्मदीप, तो आमच्याच गल्लीतला. म्हणून नाव 'लकडगंज फोर'.

जॅझ म्हणजे मला हॉटेलात जेवताना मागे वाजतं ते वाटायचं. हे तसं नव्हतं. बॉप म्हणतात त्याला. भयंकर जलद. आधी सगळे मिळून एक धून वाजवणार, मग एकेकजण त्या धुनेतून सुटून स्वतःच्या मनाने भटकून येणार, बाकीच्यांनी त्याची वाट धरून ठेवायची, शेवटी पुन्हा सगळे एका दारात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, "एवढी घाई कायची आहे यायले?" अंकुश हसला. म्हणाला, "ताई, अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी काढलं वं हे. गोऱ्यांच्या नाचासाठी वाजवून वाजवून कंटाळले, मंग रात्रभर आपसात असं वाजवत बसत. आमच्यासाठी नाचू नका, बसून ऐका म्हणे." मला ते एकदम पटलं. वरातीत वाजवणाऱ्याच्या बहिणीला ते पटायला वेळ लागत नाही.

'वरात' ही धून त्यांनी स्वतःच बांधली. बँडच्या ठेक्यावर अपूर्वचा सॅक्सोफोन. तिचं आणि बाकीच्या धुनांचं रेकॉर्डिंग कुठे करायचं यावर पुष्कळ दिवस वाद झाला. स्टुडिओत प्रत्येकाला वेगळ्या काचेच्या खोलीत बसवतात, ते या चौघांना नको होतं. जुन्या लोकांनी एका खोलीत, एका दमात वाजवलं, तसंच वाजवायचं. शेवटी आमच्या वस्तीतल्या समाजभवनाचा वरचा हॉल घेतला. बिछायतवाल्याकडून गाद्या आणून भिंतींना आणि खिडक्यांना लावल्या. पियानो टेम्पोतून आला तेव्हा अर्धी गल्ली हात लावायला धावली. रस्त्याकडची एक खिडकी मात्र उघडी ठेवली, कारण उन्हाळा होता, आवाजामुळे पंखा लावता येत नव्हता आणि ड्रमवाला घामाने न्हाला होता. फोन सगळ्यांचे बंद करून मुग्धाच्या पिशवीत.

त्याच दिवशी सकाळी देवराव मास्तर गेले.

दवाखान्यातून बातमी मलाच आधी कळली. मी अंकुशला फोन लावत राहिले, लागेना. धम्मदीपला लावला, लागेना. शेवटी ड्यूटी बदलून घेतली आणि सरळ यशोधरानगरला मास्तरांच्या मुलाच्या घरी गेले. दुपारी मयत निघाली. लोकांनी ठरवलं, मास्तरांनी जन्म काढला त्या जुन्या वस्तीतून न्यायचं. बुद्धवंदना म्हणत आम्ही इंदोऱ्याच्या गल्लीत शिरलो आणि मला वरून वाजताना ऐकू आलं. समाजभवनाच्या उघड्या खिडकीतून 'वरात' धो धो वाहत होती.

माझा जीव अर्धा झाला. मास्तरांच्या मयतीवर मास्तरांच्याच हाताखालचा पोरगा वरात वाजवतोय! मी धावत जिन्याकडे निघणार, तेवढ्यात वरचा ड्रम बंद झाला. मग बास. मग पियानो. सॅक्सोफोन जरा पुढे गेला आणि तोही थांबला. गल्लीत नुसतं "बुद्धं सरणं गच्छामि" आणि पायांचा आवाज.

कुसुमकाकू माझ्या बाजूने चालत होत्या. त्यांनी मान वर करून खिडकीकडे पाहिलं. "कोण होय वं तिथं वरती?"

"आपला अंकुश, काकू. त्याले माहीत नाही अजून. मी आणतो त्याले बोलावून."

काकूंनी माझा हात धरला. "राहू दे. थांबला नं तो? पोचलं त्याईले."

आम्ही कोपऱ्यावरून वळलो तेव्हा मागे ड्रम पुन्हा सुरू झाल्याचं ऐकू आलं.

संध्याकाळी मी त्याला सांगितलं. तो समाजभवनाच्या पायरीवर बसला तो बसूनच राहिला. "मी पाह्यलं नाही वं खाली," तो सारखा म्हणत होता. "वंदना ऐकू आली आन् हात आपोआप काखेत गेले. पाह्यलं बी नाही कोण होय ते." धम्मदीप भिंतीकडे तोंड करून उभा होता. मुग्धा रडत होती. अपूर्वच पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "आपण हेच ठेवायचं. पुन्हा वाजवायचं नाही. ही जागा मास्तरांची." हे त्याचेच शब्द. मी तिथे उभी होते. पुढे काय झालं ते सांगताना हे लक्षात ठेवा.

मुंबईच्या एका कंपनीला ते रेकॉर्डिंग आवडलं. पोरांचा पहिलाच अल्बम, नाव 'लकडगंज', त्यात 'वरात' शेवटची. चौघांच्या वतीने कंपनीशी बोलणं अपूर्वचं, कारण त्याला ती भाषा येते. आमच्या वस्तीत नुसता आनंदीआनंद. कुसुमकाकू सगळ्यांना सांगत फिरल्या, "त्याच्यात एका जागी पोट्टे थांबते. ते आमच्या घरच्यांसाठी." मास्तर हजारो वरातींत वाजवत चालले, एकाही नवरदेवाने त्यांचं नाव विचारलं नाही. कुठल्याही लग्नाच्या फोटोत बघा, बँडवाल्यांचे अर्धेच चेहरे असतात. त्या माणसाच्या नावाची या जगात एवढीच एक जागा होती, आणि तीसुद्धा वाजवून बुजवली.

काकू गेल्यावर मी अंकुशकडून कंपनीवाल्याचा नंबर घेतला आणि फोन लावला. पोरगा गोड बोलायचा. इतका गोड की मला वॉर्डात येणाऱ्या औषध कंपन्यांच्या एजंटांची आठवण झाली.

"मॅडम, तिथे फार मोठी गॅप होती. लोक फोनवर ऐकतात ना, त्यांना वाटतं गाणं संपलं, ते पुढे निघून जातात. म्हणून आमच्याकडच्या एका ड्रमरकडून तेवढंच भरून घेतलं. खूप सीनियर आहे तो. आणि बाहेरचा गर्दीचा आवाज येत होता, तोही साफ केला."

"ती गर्दी नव्हती साहेब," मी म्हटलं. "मयत होती. मी होते त्यात. तुम्ही आम्हाला साफ केलं."

मला वाटलं, आता याला लाज वाटेल. लाज कसली! "ओह! मला कोणी सांगितलंच नाही. सॉरी मॅडम. पण मग ही तर खूप सुंदर स्टोरी आहे! आपण ती टाकू ना. अंकुशचं बॅकग्राउंड, वस्ती, बँड, त्या आजी... त्यांचा एखादा छोटा व्हिडिओ मिळेल?"

"आणि ती जागा? ती परत मोकळी करणार का?"

"ती आता राहू द्या मॅडम. सगळीकडे गेलंय ते. पुढच्या वेळी बघू."

म्हणजे मयत साफ करायची, आणि मयतीची गोष्ट मात्र विकायला काढायची. वर आमच्या म्हातारीला कॅमेऱ्यासमोर बसवायचं. चोर तो चोर, वर शिरजोर. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही, पण शेजारच्या सिंधूताई भिंतीपलीकडून विचारायला आल्या, काय झालं म्हणून.

दुसऱ्या दिवशी अपूर्व आला. त्याचा चेहरा बघूनच मी ओळखलं. "तुला माहीत होतं," मी म्हटलं.

तो खुर्चीच्या कडेवर बसला. "मायाताई, त्यांनी मला आधी ऐकवलं होतं. मी म्हटलं होतं त्यांना, ही जागा महत्त्वाची आहे."

"आणि मग?"

"मग ते म्हणाले, नाहीतर हे गाणं अल्बममधून काढून टाकू. मला वाटलं, पूर्ण जाण्यापेक्षा... बाकी सगळा अंकुशच आहे ना त्यात. फक्त तेवढंच."

अंकुश कामावरून येऊन हातपाय धूत होता. टॉवेल खांद्यावर टाकून तो मोरीच्या दारात उभा राहिला. मला वाटलं, आता हा चिडेल. चिडायलाच हवा होता. तो मात्र जसं मशीनबद्दल बोलावं तसं बोलला. "काढून टाकू द्यायचं होतं."

"अंकुश, यार, आपला पहिला अल्बम..."

"मले विचारायचं होतं. मी सांगितलं असतं, काढा म्हणून. काहून नाही विचारलं?"

अपूर्वने मान खाली घातली. "तू नाही म्हणशील हे माहीत होतं म्हणून."

निदान खरं तरी बोलला. पोरगा वाईट नाही, मी आजही म्हणते. पण वाईट नसलेल्या माणसांनीच आमच्या वतीने मान डोलवलेली असते, नेहमी. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. अपूर्वने आमच्याकडचा चहा घेतला, कप स्वतः धुऊन ठेवला, आणि जाता जाता सांगितलं की पुढच्या रविवारी सिव्हिल लाइन्सच्या सभागृहात अल्बमचा कार्यक्रम आहे. कंपनी शूटिंग करणार. 'वरात' रेकॉर्डवर आहे तशीच हवी, नंतर व्हिडिओला तोच आवाज जोडायचा म्हणून. ते नीट झालं तर डिसेंबरात मुंबईच्या मोठ्या महोत्सवात बोलावणार आहेत चौघांना. "त्या दिवसापुरती वाजवून टाक ती जागा," तो अंकुशला म्हणाला. "पुढे आपण आपल्या मनाप्रमाणे वाजवू."

"पाहू," अंकुश म्हणाला.

त्या 'पाहू'ने माझी आठवडाभर झोप उडवली. कारण माझ्या भावाला मी ओळखते. तो भांडत नाही. बँडवाल्यांच्या घरचा आहे, टोपी उडवली तर उचलून झटकणारा. आणि महोत्सव त्याला हवा होता. कळमेश्वरच्या बसमध्ये उभ्याने झोपणाऱ्या माणसाला का नको असेल? एकदा तर तो स्वतःच ताटाच्या कडेवर बोटांनी ती खडखड वाजवून बघत होता. मला पाहिल्यावर बोटं थांबली. मी काही बोलले नाही. पहिल्यांदाच बोलले नाही.

कुसुमकाकूंना बोलवायला मी गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. "एकदा ऐकलं नं वं," म्हणाल्या. "आता अजून कायले?"

"तिथं पोरं समोर वाजवणार काकू. मशीन नाही."

"आन् नाही थांबले त?"

मी म्हटलं, "मंग दोघी मिळून उठून येऊ."

त्यावर त्या हसल्या. मास्तर गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

रविवारी सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. पुढे अपूर्व-मुग्धाकडची मंडळी, कंपनीचे लोक, कॅमेरे. तिसऱ्या रांगेत आम्ही. आणि अगदी मागे, भिंतीला लागून, धोंडबा बँडचे लोक. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना, आपणहून आले होते. वर्दीशिवाय ते मला ओळखूच आले नाहीत आधी. दारावरच्या पोराने त्यांना "पास?" विचारलं होतं म्हणे. अंकुश स्वतः येऊन आत घेऊन गेला.

पोरांनी छान वाजवलं, खोटं कशाला बोलू? मला कळतं तेवढ्यावरून सांगते, चौघं एकमेकांचा शब्द संपू देत नव्हते आणि तरी कोणी कोणाला तोडत नव्हतं. मुग्धाची बोटं दिसत नव्हती. धम्मदीप डोळे मिटून त्या लाकडी धुडाला मिठी मारून उभा. अंकुशच्या अंगात पांढरा शर्ट होता. प्रत्येक धुनेनंतर टाळ्या. काकू टाळ्या वाजवत नव्हत्या. हात मांडीवर, त्या दिवशी आमच्या घरी होते तसेच.

शेवटी अपूर्वने माइकवर सांगितलं, "वरात." त्यापुढे काहीतरी बोलायचं म्हणून त्याने तोंड उघडलं, आमच्या रांगेकडे पाहिलं आणि न बोलताच सॅक्सोफोन तोंडाला लावला.

धून सुरू झाली. सगळ्यांनी मिळून ती एकदा म्हटली. मुग्धा भटकून आली. मग अपूर्व सुटला. वर वर चढत गेला. मला ती जागा आता पाठ होती. उजवीकडे कंपनीचा तो गोड पोरगा कॅमेरावाल्याच्या कानात काहीतरी सांगत होता आणि कॅमेरा अंकुशच्या हातांवर गेला होता. खडखड टिपायची होती ना त्यांना.

अंकुशने काड्या काखेत धरल्या.

धम्मदीपचा हात तारांवरून उतरला. पियानो थांबला. अपूर्वची पाठ होती त्यांच्याकडे, त्याने ऐकलं. तो वाजवत राहिला. एकटा सॅक्सोफोन त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये चुकलेल्या वासरासारखा इकडून तिकडे गेला. मग तोही थांबला. त्याने वाद्य तोंडातून काढलं, थोडा वेळ हातात तसंच धरलं, आणि छातीशी घेतलं.

कोणीतरी टाळ्या वाजवल्या, धून संपली असं वाटून. कोणीतरी त्यांना गप्प केलं. कंपनीवाला पोरगा उठून आवाजाच्या टेबलाकडे पळाला, वायर निघाली की काय म्हणून. पहिल्या रांगेतून कुजबुज. माझ्या मागे खुर्च्यांचा खडखडाट झाला, मी वळून पाहिलं. बँडचे लोक उभे राहिले होते.

अंकुश समोर बघत होता. कोणाकडे नाही, असंच समोर, रस्त्यावर बघतात तसं. समाजभवनात त्या दिवशी तो आपला आपणच पुन्हा सुरू झाला होता, आज सुरू होईना. शांतता लांबत चालली. समाजभवनातल्या त्या दिवसापेक्षा लांब झाली, मग चुकल्यासारखी वाटण्याइतकी लांब झाली. अपूर्व मान न वळवता उभा होता, त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण त्याने खूण केली नाही. मला कळलं, अंकुशला सुरू करता येत नाहीये. बँडमध्ये ते सांगणारा माणूस वेगळा असतो.

कुसुमकाकू उठल्या. पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. शेजारच्या बाईने त्यांना वाट द्यायला पाय बाजूला घेतले, तिला वाटलं म्हातारी घरी निघाली. काकू जागच्या हलल्या नाहीत. स्टेजकडेही त्या बघत नव्हत्या. मधल्या मोकळ्या वाटेकडे, दारापर्यंत, हळूहळू नजर नेत होत्या. नजर दारापाशी पोचली तेव्हा त्यांनी जोडलेले हात सोडले.

"गेले," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "वाजव आता."

अंकुशने काखेतून काड्या काढल्या.